उंदरांसाठी दोन मजली पिंजरा: सात महिने वापरून सांगतोय

नोव्हेंबरमध्ये घेतला, 2200 रुपयांना. पावडर कोटिंगवाला दोन मजली, दुकानदार म्हणाला हॅमस्टर ठेवा, लव्हबर्ड ठेवा, पांढरे उंदीर ठेवा, सगळ्याला चालतो. मोठ्या उंदरांसाठी खरंच छान आहे, चढायला जागा आहे, हवा खेळती राहते, आमच्या चौघी मजेत आहेत त्यात. पण पिल्लं होणार असतील तर हा पिंजरा अजिबात नको, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नाही म्हणून लिहितोय.

मी दोन माद्या आणल्या होत्या, पैदास वगैरे काही डोक्यात नव्हतं. दुकानात नर-माद्या एकाच टाकीत, त्यामुळे त्यातली एक आधीच गाभण होती आणि बाराव्या दिवशी 10 पिल्लं. उंदरांचे दिवस फक्त 21 ते 23 असतात, त्यामुळे विकत आणलेली मादी गाभण असू शकते हे धरूनच चाला.

पिल्लांचे डोळे साधारण 14 दिवसांनी उघडतात आणि मग ती कुठेही घुसतात. सतराव्या दिवशी सकाळी बघतो तर एक कमी! चार तासांनी फ्रिजमागे सापडलं, तोपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. मग टेप लावून मोजलं तर गजांमधलं अंतर जवळजवळ 2 सेंटिमीटर. मोठ्यांना ठीक, पण पिल्लांसाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको.

त्याच संध्याकाळी भांड्यांच्या दुकानातून मोठा पारदर्शक स्टोरेज बॉक्स आणला, 650 रुपये, हार्डवेअरवाल्याकडून अर्धा इंची वेल्डमेश जाळी आणि केबल टाय, सगळं मिळून हजाराच्या आत. झाकण कापून जाळी लावली आणि दोन बाजूंनाही खिडक्या कापल्या, हे महत्त्वाचं आहे कारण नुसतं झाकण कापलं तर लघवीचा अमोनिया खाली साचतो आणि उंदरांची फुफ्फुसं आधीच नाजूक. खाली रद्दी पेपरचे बारीक तुकडे. सुताराकडचा फुकटचा भुसा आणू नका, त्यात प्लायवूडची आणि केमिकलची बारीक धूळ असते, शिंकून शिंकून आजारी पडतात.

पाच आठवडे व्हायच्या आधी नर वेगळे करावे लागतात, नाहीतर ते बहिणींशी आणि आईशीही जुळतात, म्हणून दुसरा टब बनवला. कमी खर्चात पैदास म्हणणाऱ्यांनी हा दुसरा टब आधीच हिशेबात धरा. आणि जोडी ठेवणार असाल तर वेतापूर्वीच नर बाजूला काढा, कारण मादी व्याल्यावर एका दिवसात परत माजावर येते, त्या बिचारीला उसंतच मिळत नाही. खाण्याचा खर्च मात्र फार नाही, ज्वारी, बाजरी, ओट्स, शिजवलेली डाळ, भाजी, आणि पाजणाऱ्या आईला रोज थोडं उकडलेलं अंडं. दोन मुली ठेवल्या, बाकी आठ ओळखीत जोड्यांनी दिली, उंदीर एकटा राहू शकत नाही.

पिंजऱ्याच्या आणखी दोन तक्रारी. मजल्यांची जाळी उघडी आहे, त्यावर सतत चालून तळव्यांना जखमा होतात, मी जुन्या फ्लोअरिंग शीटचे तुकडे कापून अंथरलेत. सोबतची पाण्याची बाटली रात्रभर गळते, ती टाकून दुसरी घेतली.

मे महिन्यात मात्र पिंजराच कामाला आला. नागपूरच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा टब भट्टी होतो आणि उंदरांना 30 डिग्रीच्या वर त्रास सुरू होतो, त्यांना घाम येत नाही, शेपटीतून उष्णता बाहेर टाकतात. कूलरच्या खोलीत पिंजरा आणि आत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, चौघी तिला टेकून झोपायच्या.

मोठ्यांसाठी 5 पैकी 4, पिल्लांसाठी 1. दोन्ही टब धुऊन माळ्यावर ठेवलेत, नागपुरात कोणाकडे अशीच अचानक पिल्लं झाली तर घेऊन जा, पैसे नकोत.