क्रूझवरून उतरल्यानंतरचा दिवस: घारापुरी की अलिबाग?

मुंबईहून निघून गोवा किंवा लक्षद्वीप करून परतणारी क्रूझ बहुधा सकाळी बॅलार्ड पिअरला लागते, आणि कोल्हापूर, नागपूर किंवा रत्नागिरीकडे जाणाऱ्या प्रवाशांची परतीची गाडी मात्र रात्रीची असते. मधल्या दिवसाचे काय करावे, याची दोन उत्तरे सर्रास दिली जातात. एक म्हणजे गेटवेहून लाँचने घारापुरी, आणि दुसरे म्हणजे गेटवेहूनच मांडवामार्गे अलिबाग. दोन्ही ठिकाणे रायगड जिल्ह्यातली आहेत आणि दोन्हींकडे जाण्याचा बोटीचा प्रवास सुमारे तासाभराचा आहे, त्यामुळे लेणी आवडणाऱ्याने इकडे जावे आणि समुद्रकिनारा आवडणाऱ्याने तिकडे, असे वरवर वाटते. माझ्या मते या निवडीत आवडीनिवडीला फारसा वाव नाही. वार, तिथी आणि परतीच्या गाडीची वेळ या तीन गोष्टी पाहिल्या की उत्तर बहुतेक वेळा आपोआप ठरते.

प्रथम हा दिवस खरोखर किती मोठा असतो ते पाहणे आवश्यक आहे. आदल्या रात्री मोठ्या बॅगांना टॅग लावून त्या केबिनच्या दाराबाहेर ठेवाव्या लागतात, सकाळी न्याहारीनंतर केबिन रिकामी करून द्यावी लागते, जहाजावरील खात्याचा हिशेब चुकता करावा लागतो, आणि मग टॅगच्या रंगानुसार किंवा मजल्यानुसार नाव पुकारले जाईपर्यंत लाउंजमध्ये बसून राहावे लागते. परदेशी बंदराला जाऊन आलेले जहाज असेल तर इमिग्रेशन आणि कस्टम्सच्या रांगांची त्यात भर पडते. जहाज सात वाजता धक्क्याला लागले म्हणजे आपण सात वाजता रस्त्यावर असतो असे नाही. साडेनऊ ते साडेदहा हा अंदाज अधिक सुरक्षित आहे. ज्यांना आपल्या बॅगा स्वतः उचलून नेणे शक्य आहे त्यांना बऱ्याच जहाजांवर आधी उतरू दिले जाते, तेव्हा कमी सामान घेऊन आलेल्यांनी ही सवलत अवश्य विचारून घ्यावी. एके काळी याच धक्क्यावर बॅलार्ड पिअर मोल नावाचे रेल्वे स्थानक होते आणि विलायतेहून आलेला उतारू बोटीतून उतरून थेट फ्रंटियर मेलमध्ये चढत असे. ती सोय आता राहिलेली नाही, आणि बॅगांचे काय करायचे हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवायचा आहे.

बॅगांसाठी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथील क्लोकरूम हा साधा उपाय आहे. बॅलार्ड पिअरहून ते स्थानक टॅक्सीने अगदी जवळ आहे. मात्र तेथे रेल्वेचे वैध तिकीट दाखवावे लागते आणि बॅगांना कुलूप असावे लागते. ज्यांची परतीची गाडी दादर किंवा लोकमान्य टिळक टर्मिनसहून आहे त्यांनी सामान तेथे ठेवायचे की येथे, याचा विचार आधीच करावा, कारण संध्याकाळच्या गर्दीत दक्षिण मुंबईतून बॅगा उचलून दादरला जाणे हे दिवसभराच्या आनंदावर पाणी फिरवणारे काम आहे. जहाजाच्या बॅगा घेऊन लाँचमध्ये चढण्याचा विचार तर करूच नये. औषधे, ओळखपत्र, चार्जर, टोपी आणि एक कोरडा कपडा एवढेच हातातल्या पिशवीत असावे, आणि ही पिशवी आदल्या रात्रीच वेगळी काढावी, कारण दाराबाहेर ठेवलेली बॅग धक्क्यावरच पुन्हा दिसते.

आता समुद्राविषयी. मोठ्या क्रूझला डोलणे कमी करणारे स्टॅबिलायझर असतात, त्यामुळे चार दिवस काही त्रास झाला नाही म्हणून लाँचमध्येही होणार नाही असे धरून चालता येत नाही. शिवाय बोटीवरून उतरल्यावर पहिला दिवसभर पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटणे हा अनेकांचा अनुभव असतो. या बाबतीत दोन मार्गांत खरा फरक आहे. घारापुरीची वाट बंदराच्या आत आहे आणि तेथे पाणी बहुधा शांत असते, तर मांडव्याची बोट बंदराचे मुख ओलांडून दक्षिणेकडे जाते, तेथे खुल्या समुद्राची लाट जाणवते. त्यातही दुपारनंतर वायव्येकडून वारा वाढतो, विशेषतः मार्चपासून मेपर्यंत, आणि म्हणून मांडव्याहून परत येताना बोट सकाळपेक्षा अधिक हलते. ज्यांना जहाजावरसुद्धा मळमळत होते त्यांनी केवळ एवढ्या कारणासाठी घारापुरी निवडली तरी ते योग्य ठरेल. कोणत्याही बोटीत लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय बसू नये. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून झालेल्या जीवितहानीनंतर या नियमाकडे दुर्लक्ष करण्यास कोणालाही सबब उरलेली नाही.

घारापुरीचा मोठा गुण असा की तिचा हिशेब आधी मांडता येतो. अकराच्या सुमारास गेटवेहून निघाले तर बारापर्यंत बेटाच्या धक्क्यावर पोहोचता येते, धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी आगगाडी आहे किंवा दहा-पंधरा मिनिटांची चाल आहे, त्यानंतर सुमारे १२० पायऱ्या चढून लेण्यापाशी जाता येते. लेण्यांत दीड-दोन तास घालवूनही चार-साडेचारपर्यंत मुंबईत परतणे शक्य असते, म्हणजे रात्रीच्या गाडीच्या काळजीने घड्याळाकडे पाहत बसावे लागत नाही. सहाव्या शतकाच्या आसपास कोरलेले मुख्य लेणे १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याचे मुख्य द्वार उत्तरेकडे आणि महेशमूर्ती दक्षिणेकडील भिंतीत खोलवर आहे, त्यामुळे बाहेरच्या उन्हातून आत आल्याबरोबर सुमारे साडेपाच मीटर उंचीची ती मूर्ती नीट दिसत नाही. पाच-सात मिनिटे खांबाजवळ उभे राहून डोळे अंधाराला सरावू द्यावेत. घाईने फोटो काढून बाहेर पडणाऱ्यांना तीन मुखांतला उग्र, शांत आणि कोमल असा भेद दिसतच नाही. अर्धनारीश्वर, गंगाधर, अंधकासुरवध आणि शिवपार्वतीचा विवाह हे शिल्पपट पोर्तुगीज काळात बरेच भग्न झाले असले तरी, चार दिवस झगमगाटात राहिलेल्या डोळ्यांना या गुहेतला सौम्य प्रकाश विशेष सुखावतो असे मला वाटते.

उणिवाही आहेत. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानांची सलग रांग आहे, माकडे हातातले खाणे ओढून नेतात, आणि जेवण कामचलाऊ मिळते. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्यासाठी डोलीची सोय असते, पण भाव आधी ठरवून घ्यावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सोमवारी लेणी बंद असतात. क्रूझ सोमवारी सकाळी मुंबईला लागत असेल तर घारापुरीचा विषय तेथेच संपतो. अशा दिवशी घारापुरीची आठवण म्हणून भायखळ्याला जाऊन भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती पाहता येईल. याच हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटले होते.

अलिबागचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. गेटवेहून मांडवा सुमारे एक तास, तेथून अलिबाग सुमारे वीस किलोमीटर, आणि बोटीच्या तिकिटातच बसचे भाडे धरलेले असले तरी बस भरून सुटेपर्यंत थांबावे लागते. अकराला निघालेला माणूस एक-दीडच्या आधी अलिबागच्या किनाऱ्यावर उभा राहत नाही. तेवढाच वेळ परतीला लागतो आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळच्या बोटींना गर्दी उसळते. म्हणजे प्रत्यक्ष अलिबागमध्ये तीन तास मिळतात, आणि त्यांत जेवण आहे. परतीची शेवटची बोट कोणती, हे मांडव्याला उतरताच खिडकीवर विचारून घ्यावे.

या तीन तासांत काय पाहता येईल हे समुद्र ठरवतो. अलिबागचे मुख्य आकर्षण म्हणजे कुलाबा किल्ला. १६८० साली शिवाजी महाराजांच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि पुढे तो आंग्र्यांच्या आरमाराचा प्रमुख तळ बनला. ओहोटीला या किल्ल्यापर्यंत पायी किंवा घोडागाडीने जाता येते, भरतीला मात्र होडी घ्यावी लागते. किनाऱ्यावरील जुन्या लोकांचा ठोकताळा असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. या हिशेबाने अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास येते. दशमीला ओहोटी दीड-पावणेदोनला येते, द्वादशीला सव्वातीनला. म्हणजे जहाजावरून उतरून दुपारी अलिबागला पोहोचणाऱ्यासाठी शुद्ध किंवा वद्य पक्षातील अष्टमी ते द्वादशी हे दिवस सोयीचे. मात्र अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी असते, म्हणजे भरती-ओहोटीतील फरक कमी असतो आणि पाणी पूर्ण मागे सरत नाही. पाय भिजतील हे गृहीत धरूनच निघावे. त्या मानाने एकादशी-द्वादशी अधिक बरी. पौर्णिमा आणि अमावास्येला उधाणामुळे ओहोटीत विस्तीर्ण वाळू उघडी पडते खरी, पण ती ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते, तर दुपारी बाराला किल्ल्याभोवती भरपूर पाणी असते. क्रूझचे बुकिंग करताना कालनिर्णय उघडण्याची कल्पना कोणाला हास्यास्पद वाटेल, पण कुलाबा किल्ला चालत पाहायचा असेल तर तीच खरी रीत आहे. किल्ल्यात गेल्यावर राघुजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेले गणपतीचे मंदिर आणि चहूबाजूंनी खारे पाणी असताना आतली गोड्या पाण्याची पुष्करणी, या दोन गोष्टी चुकवू नयेत. पाणी वर येऊ लागले की तेथील माणसे आवाज देतात. तो आवाज ऐकून लगेच निघावे.

जेवणाच्या बाबतीत मात्र तुलनाच होऊ शकत नाही. जहाजावर दिवसातून चार वेळा पंजाबी, चायनीज आणि इटालियन यांचे मिश्रण खाल्लेल्या माणसाला अलिबागच्या खानावळीतले सुरमईचे किंवा बोंबलाचे ताट, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. खाजणातला जिताडा मिळाला तर तो आधी मागवावा. उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलेल्यांनी भौगोलिक मानांकन मिळालेल्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घ्यावी. रेल्वेत ती वरच्या बर्थवर ठेवता येते.

इतके सांगूनही, त्याच रात्री मुंबईहून गाडी असलेल्यांना अलिबागला जा असे मी म्हणणार नाही. कोकणकन्येसारखी रात्री उशिरा सुटणारी गाडी असेल तर कदाचित जमेल, पण संध्याकाळी सात-आठच्या गाडीसाठी हा बेत धोक्याचा आहे. अलिबाग एका मुक्कामाचे ठिकाण आहे. मुक्काम केला तर सकाळ-संध्याकाळपैकी एक ओहोटी हमखास पदरात पडते, वर्सोलीचा किंवा नागावचा किनारा निवांत पाहता येतो, आणि थंडीच्या दिवसांत वालाच्या शेंगांची पोपटी लावलेली असेल तर ती रात्रीच खायची असते. मुरुड-जंजिरा अलिबागहून आणखी पन्नास किलोमीटरहून अधिक दूर आहे. जहाजावरून उतरल्याच दिवशी तो गाठण्याचे आमिष कोणी दाखवले तर नम्रपणे नकार द्यावा.

पुण्याच्या प्रवाशांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांना मुंबईत परतण्याची गरजच नाही. स्वतःची गाडी मुंबईत ठेवून क्रूझला गेलेल्यांनी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडीसकट मांडवा गाठावे, रात्र अलिबागला काढावी आणि दुसऱ्या दिवशी पेण-खोपोलीमार्गे घरी जावे. या मार्गात सामानाचा प्रश्नही उरत नाही. २०२० पासून सुरू असलेली ही रो-रो मोठी असल्यामुळे लहान बोटीपेक्षा कमी हलते आणि तिच्यावर क्रूझच्या बॅगाही गाडीतच राहतात. अटल सेतूवरून रस्त्यानेही जाता येते, पण शनिवारी सकाळी वडखळच्या आसपास रखडण्यापेक्षा पाण्यावरचा तास केव्हाही चांगला.

पावसाळ्यात निवड जवळजवळ राहतच नाही. गेटवे ते मांडवा बोटी जूनपासून तीन महिने बंद असतात. रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावरच्या घरांतून अजून ती हकीकत सांगितली जाते आणि बोटी बंद ठेवण्याबद्दल तेथे कोणी कुरकुर करत नाही. रो-रो हवामान पाहून चालते, पण जुलैत तिच्या भरवशावर परतीचे तिकीट काढू नये.

सोबत वृद्ध आईवडील असतील, किंवा जहाजावरच्या शेवटच्या रात्री झोप झाली नसेल, तर दोन्ही बेत सोडून फोर्टमध्ये राहण्यात काही कमीपणा नाही. बॅलार्ड इस्टेट, गेटवे आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या तिन्हींवर जॉर्ज विटेट या एकाच वास्तुरचनाकाराचा ठसा आहे. संग्रहालयात सावली, लिफ्ट आणि बसायला बाके आहेत आणि सोमवारीही ते उघडे असते.

ज्यांची क्रूझ एकेरी असून मार्मागोव्याला संपते त्यांना मालवणचा मोह होतो. मडगावहून कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून रस्त्याने मालवण आणि होडीने सिंधुदुर्ग, हा क्रम कागदावर सोपा दिसतो. परंतु उतरण्यातच सकाळ गेल्यावर किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद होण्याच्या वेळेला आपण मालवणच्या जेटीवर पोहोचतो. रात्री मालवणला राहण्याची तयारी असेल तर बेत उत्तम आहे, नसेल तर मडगावहूनच गाडी धरावी.