बदलत्या वस्तीत महिना-दोन महिने: नवा टॉवर की जुनी इमारत?

जुने कारखाने, गोदामं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहताहेत अशा वस्तीत महिना-दोन महिने राहायचं ठरलं, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. नव्या टॉवरमधला सजवलेला फ्लॅट घ्यायचा, की तिथूनच दोन गल्ल्या पलीकडच्या जुन्या इमारतीतलं घर? मी दोन्हीकडे राहिलो आहे आणि बहुतेक वेळा घरूनच काम केलं आहे. भाडं, क्षेत्रफळ, वायफाय हे सगळं जाहिरातीत दिसतंच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

टॉवरमधले पहिले दिवस सुखाचे जातात, हे मोकळेपणाने सांगायला हवं. मध्यरात्री पोहोचलात तरी खाली कुणीतरी जागं असतं. लिफ्ट चालू असते, नळ सोडताच गरम पाणी येतं, गिझर आणि एसी एकदम लावले म्हणून फ्यूज उडत नाही. चार-पाच दिवसांचंच काम असेल, किंवा सोबत जिने चढू न शकणारे आई-वडील असतील, तर टॉवर घ्या. तिथे मी वाद घालणार नाही.

मुक्काम लांबला की मात्र एक त्रास सुरू होतो, आणि माझ्यापुरता निर्णय त्यानेच केला. नवी इमारत बाहेरून पूर्ण झालेली असते, आतून नसते. ताबा मिळाला की प्रत्येक मालक आपापलं घर करायला घेतो. फॉल्स सीलिंगसाठी स्लॅबला ओळीने भोकं पाडली जातात, बिल्डरने लावलेल्या टाईल्स आवडल्या नाहीत म्हणून त्या फोडल्या जातात, भिंतीत वायरिंगसाठी खाचा मारल्या जातात. सगळे मालक एकाच वेळी पैसे उभे करत नाहीत, त्यामुळे कामंही एकदम होत नाहीत. सहाव्या मजल्यावरचं आटोपतं तोवर अकराव्या मजल्यावर सुरू झालेलं असतं. ताबा दिल्यानंतरचं वर्ष-दोन वर्षं हे असं चालू राहू शकतं. माझ्या पाहण्यात तरी, थोड्या दिवसांसाठी भाड्याने निघणारे फ्लॅट नेमके याच काळात जास्त असतात. गुंतवणूक म्हणून घर घेतलेल्याला ते रिकामं ठेवायचं नसतं.

या आवाजाची जात वेगळी आहे. रस्त्यावरचे हॉर्न, माणसांचा गलबला हवेतून येतो आणि चांगली दुहेरी काच लावली की बराचसा बाहेर राहतो. हॅमर ड्रिलचा आवाज स्लॅब, बीम आणि कॉलममधून चालत येतो. काँक्रीटचा सांगाडा वरपासून खालपर्यंत सलग असतो, त्यामुळे चार मजले वर काम चाललं असलं तरी ड्रिल आपल्याच भिंतीला लावल्यासारखं वाटतं. खिडकी बंद करून फरक पडत नाही. कानात बोळे घातले तरी टेबलावर टेकलेल्या कोपराला थरथर जाणवते. आवाज मोठा असण्यापेक्षाही तो केव्हा येईल याचा अंदाज नसणं मला जास्त जाचक वाटलं. दहा मिनिटं शांतता, मग एकाएकी अर्धा मिनिट खणखणाट, पुन्हा शांतता. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं असतं: काम नियमाप्रमाणे फक्त दिवसाच चालतं. उत्तर बरोबरच आहे, पण माझ्या मीटिंगही दिवसाच असतात. कुणाला दिवसभर बाहेरच असायचं असेल तर त्याला हे सगळं कळणारही नाही, हेही खरं.

जुन्या इमारतीत शांतता असते असं मी म्हणत नाही. बदलत्या वस्तीत शेजारचा प्लॉट पाडायला घेतलेला असण्याची शक्यता भरपूर. ट्रक येतात, जाळीतून धूळ येते, कपडे बाहेर वाळत घालता येत नाहीत. पण तो आवाज बाहेरचा असतो. खिडकी लावली, मागच्या खोलीत टेबल नेलं, की जाड विटांच्या भिंती त्यातला बराच भाग अडवतात. शिवाय त्या कामाला टप्पे असतात. आधी पाडणं, मग पाया, मग एकेक मजला. आज काय चाललंय हे खिडकीतून दिसतं आणि त्याप्रमाणे दिवस आखता येतो. गैरसोयी आहेतच: जिना, पाण्याचा मंद दाब, पावसाळ्यात ओलीचा वास, आणि जमीन लाकडी असेल तर वरच्यांची पावलं. पावलांची मला फार लवकर सवय झाली. ड्रिलची झाली नाही.

जुन्या इमारतीची दुसरी जमेची बाजू म्हणजे तिथे राहणारी माणसं. कोणती गल्ली खणायला घेणार आहेत, कोणत्या इमारतीचे लोक घरं रिकामी करताहेत, हे जिन्यात भेटणाऱ्यांना माहीत असतं आणि ते आपणहून सांगतात. टॉवरच्या मजल्यावर मला शेजारी म्हणून बहुधा चाकांच्या बॅगा ओढणारेच भेटले. हेच उद्या जुन्या इमारतीतही होऊ शकतं, आणि ते घडवण्यात भाडेकरू म्हणून आपलाही हात असतो. म्हणून मालक त्याच इमारतीत राहत असेल असंच घर मी शोधतो. यात मनाला पटण्याचा भाग आहे, तसाच कायद्याचाही.

रहिवासी इमारतीतले आख्खे फ्लॅट थोड्या दिवसांसाठी देण्यावर अनेक शहरांनी लगाम घातला आहे. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी मालकाची नोंदणी हवी, तो स्वतः तिथे राहत असायला हवा आणि पाहुणे दोनच चालतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये राहतं घर पर्यटकांना देण्यासाठी वर्षाला कमाल ३० रात्रींची मर्यादा आली. जपानने २०१८च्या कायद्याने वर्षाला १८० दिवसांची मर्यादा घातली. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं की नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक फ्लॅटचे सगळे, म्हणजे दहा हजारांहून जास्त परवाने संपवणार. तेव्हा टॉवर असो की जुनी इमारत, जिथे नोंदणी क्रमांक लागतो तिथे तो आधी मागा. महिन्याहून जास्त राहायचं असेल, तर साधा लेखी भाडेकरार करता येतो का ते विचारा. पुष्कळ ठिकाणी तो रस्ता सरळ असतो.

एअरबीएनबीसारख्या, थोड्या दिवसांसाठी घरं देणाऱ्या साइटवर २८ रात्रींपासून मासिक सवलत लागू होते, मालकाने ती ठेवली असेल तर. पण बुकिंग रद्द करण्याचे नियमही तिथूनच बदलतात आणि मध्येच सोडून जाणं महाग पडतं. वरच्या मजल्यावर तिसऱ्या दिवशी ड्रिल सुरू झालं तर या सवलतीचं काही वाटत नाही. मालक मुभा देत असेल तर मी आधी एक आठवडा घेतो आणि मग वाढवतो.

टॉवरच घ्यायचा कल असेल, तर इमारतीचा ताबा कधी दिला आणि वरच्या-खालच्या मजल्यांवर किती घरांत लोक राहायला आले आहेत, एवढं नक्की विचारा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर माझा आक्षेप बराचसा गळून पडतो. मालकाला कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास त्याच खोलीतून व्हिडिओ कॉल करायला सांगा. तो टाळाटाळ करू लागला तर मी पुढे जात नाही. जुनं घर घेताना मी शेजारच्या प्लॉटबद्दल विचारतो: पाडून झालंय का, पायाचं काम कुठवर आलंय? मजले चढत असतील तर मी बेलाशक घर घेतो. पाइलिंग, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब घालणं, अजून व्हायचं असेल तर त्या गल्लीतलं घर सोडून पुढच्या गल्लीतलं बघतो, कारण पाया ठोकतानाचा हादरा जमिनीतून येतो आणि त्याच्यापुढे विटांची भिंतही काही करू शकत नाही.