थिसिस कशावर: डेंटल मटेरियल की फॉरेन्सिक?

संभाजीनगर किंवा लातूरला एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करत असाल आणि सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, तोंडावर आली असेल, तर आधी एवढंच बघा: नमुना कुठून येणार? प्रॉस्थो-कॉन्झर्व्हेटिव्हवाल्यांचा (कवळ्या आणि दात भरणारे) ओढा मटेरियलकडे, ओरल पॅथॉलॉजीवाल्यांचा (तोंडाच्या रोगांचं निदान करणारे) फॉरेन्सिककडे. पण गाईड तयार असेल तर बदलायला हरकत नसते.

मटेरियलमध्ये नमुना तुम्हीच बनवता. आयएसओ ४०४९ या मानकाप्रमाणे कंपोझिटची, म्हणजे दात भरायच्या पांढऱ्या मटेरियलची, वाकण्याची ताकद मोजायची, तर २५ मिमी लांब आणि २ बाय २ मिमी जाड कांडी करायची, ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवायची आणि यूटीएमवर (ताण-दाब देऊन ताकद मोजणारं मशीन) मोडायची. चावण्याच्या पृष्ठभागावर भरायच्या कंपोझिटला किमान ८० मेगापास्कल लागतात. आकडा मोठा वाटतो, पण २० मिमी अंतरावर टेकवलेल्या त्या कांडीसाठी हा जोर साधारण २१ न्यूटन, म्हणजे जेमतेम सव्वादोन किलो भरतो. जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा भरवसा इथेच फसतो. तिथलं यूटीएम बहुधा लोखंडी सळया ओढायला आणलेलं, ४०० किंवा १००० किलोन्यूटनचं. त्यावर आपली कांडी मोडणं म्हणजे कारखान्याच्या ऊसकाट्यावर सोनं तोलणं. लहान लोड सेलचं (जोर मोजणारा भाग) मशीन जवळपास नसेल तर नमुने सांभाळत पुण्या-मुंबईला न्यायची तयारी ठेवा.

शिवाय आपला उन्हाळा. मानक म्हणतं नमुने २३ अंशांना बनवा. परभणीत मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. एसी नसेल तर जीआयसी (दात भरायचं सिमेंट) आणि अल्जिनेट (दातांचा ठसा घ्यायची पावडर) भराभर सेट होतात आणि निकालात मटेरियलचा गुण किती, उन्हाचा किती, हे कोणीच सांगू शकत नाही. हे काम थंडीत उरका.

बाँड स्ट्रेंग्थ, म्हणजे मटेरियल दाताला किती घट्ट चिकटतं ते, मोजणार असाल तर ब्रेसेससाठी काढलेले प्रीमोलर (सुळ्यामागच्या लहान दाढा) मिळतात. किनवटसारख्या फ्लोराइडच्या पट्ट्यातले दात मात्र आधी वेगळे काढा, कारण फ्लोरोसिसचं (जास्त फ्लोराइडने डागाळलेलं) इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कवच, चिकटवण्याआधी लावायच्या ॲसिडला सहज दाद देत नाही. खरं तर मटेरियलमधला इथला सगळ्यात कसदार विषय हाच आहे. लोक असे दात गाळून टाकतात, तुम्ही ते मुद्दाम गोळा करा.

फॉरेन्सिकमध्ये ओठांचे ठसे आणि टाळूच्या वळ्या बाजूला ठेवा. लिपस्टिक आणि सेलोटेपवर भागतं म्हणून अशा थिसिसचा ढीग पडलाय. चाव्याच्या खुणा २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणात पुराव्यात आल्या खऱ्या, पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या आढाव्याने या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलंय.

उरतं वय ठरवणं, आणि मराठवाड्यात त्याची गरज खरी आहे. बालविवाह, बालमजुरी, पोक्सो, सगळीकडे मुद्दा एकच: अठरा पूर्ण की नाही? डेमिर्जियनची १९७३ ची पद्धत खालच्या जबड्यातल्या डाव्या बाजूच्या सात दातांवर चालते; अठराच्या उंबरठ्यासाठी अक्कलदाढेच्या वाढीवरून काढायचा कॅमेरियर निर्देशांक आहे, तो ०.०८ पेक्षा कमी आला तर अठरा पूर्ण धरतात. ओपीजी (पूर्ण जबड्याचे एक्स-रे) ऑर्थोच्या, म्हणजे ब्रेसेस लावणाऱ्या विभागाच्या, कपाटात पडून असतात. एथिक्स कमिटीची परवानगी घेतली की मशीनचा खर्च जवळपास नाही.

गोम जन्मतारखेत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलेली मुलं आपल्याकडे घरोघरी सापडतील. अशा तारखांवर दातांची पद्धत तपासली तर चूक दाताची की रजिस्टरची? त्यात बालन्याय कायद्याचं कलम ९४ शाळेच्या दाखल्याला आणि बोर्डाच्या प्रमाणपत्राला पहिला मान देतं, मग नगरपालिका किंवा पंचायतीच्या जन्मदाखल्याला. वैद्यकीय चाचणी यातलं काहीच नसेल तरच. अंदाजाने लिहिलेला कागद दातावर भारी पडतो, तो असा.

नोकरीच्या आशेने फॉरेन्सिक घेऊ नका. संभाजीनगर आणि नांदेडच्या न्यायसहायक प्रयोगशाळांत मुख्यतः व्हिसेरा, रक्त, दारूचे नमुने तपासले जातात. पुढे शिकायचंच असेल तर गांधीनगरच्या राष्ट्रीय फॉरेन्सिक सायन्सेस विद्यापीठाचा रस्ता आहे.

सिनॉप्सिस लिहिण्याआधी यूटीएमवाल्यांना फोन करून लोड सेल किती न्यूटनचा ते विचारा, आणि ऑर्थोच्या फायली उघडून किती जणांचा खरा जन्मदाखला मिळू शकेल ते मोजा. दाखले पुरेसे निघाले, तर मी वय ठरवण्याचा विषय घेईन. नाहीतर फ्लोरोसिसचे दात.