टिनशेडचा ठेकेदार: पत्रा नंतर बघा, आधी स्क्रू मोजा

०.५० मिमीचा रंगीत गॅल्व्हाल्यूम पत्रा, एझेड १५० (म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचं) कोटिंग, घराच्या गच्चीवर ३० बाय २० फुटांचं एकढाळी शेड, खाली एमएस म्हणजे साध्या पोलादी पाइपचा सांगाडा. नागपुरात बेसा-मानेवाड्याकडे गल्लोगल्ली हेच दिसतं, त्यामुळे त्याचं पुराण लावत नाही. पत्र्याची कंपनी, रंग, जाडी यावर लोक महिनाभर घासाघीस करतात आणि तो पत्रा कशाने धरून ठेवणार हे कोणीच विचारत नाही. म्हणून हा अनुभव पत्र्याचा नाही, ठेकेदाराचा आहे. आणि त्यातला निम्मा स्क्रूचा.

निमित्त मे महिन्यातलं वावधन, म्हणजे वादळ. शेडच्या एका कोपऱ्यातला पत्रा उचलला गेला. उडून शेजारी पडला नाही एवढंच नशीब, पण कडेच्या दोन पाइपांवरचे स्क्रू जागच्या जागी राहिले आणि पत्रा त्यांच्या टोपीभोवती फाटून वर आला. हे नीट लक्षात घ्यायला हवं. स्क्रू तुटला नाही, पाइपमधून उपटलाही नाही. पत्राच त्याच्या डोक्यावरून निसटला. म्हणजे माल खराब नव्हता, धरणारे हात कमी होते.

ठेकेदाराचं उत्तर ठरलेलं: "अजी भाऊ, वावधनच तसं होतं, त्याले आपण काय करता?" त्याच्या पुढचं वाक्य त्याहून भारी: "इथं काय समुद्र हाय का जी?"

समुद्र नाही, मान्य. पण वाऱ्याचा हिशेब समुद्र पाहून होत नाही. आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकात शहरवार मूळ वाऱ्याचा वेग दिलेला आहे. त्यात मुंबई ४४ मीटर प्रतिसेकंद, आणि नागपूरही ४४. पुणे ३९. ताशी हिशेब केला तर नागपूरचा आकडा १५८ किलोमीटरच्या आसपास जातो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा उडालेल्या पत्र्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले आणि ते कोकणाचं दुखणं म्हणून सोडून दिलं. आपल्याकडे वादळाला नाव नसतं आणि दोन दिवस आधी बातमीही नसते. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन भाजतं, संध्याकाळी ढग भरून येतात आणि वीस मिनिटांत खेळ आटोपतो. पत्र्याला वीस मिनिटं पुरतात.

आता आकडे, कारण ठेकेदाराशी भांडताना भावना चालत नाहीत. वाऱ्याचा दाब ढोबळमानाने ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. ४४ ला हा दाब येतो सुमारे ११६० न्यूटन प्रतिचौरस मीटर, म्हणजे ११८ किलोच्या आसपास. उघड्या शेडवर वरून ओढ आणि खालून रेटा असा दुहेरी प्रकार होतो, आणि कडा व कोपऱ्यांना मानक वाढीव गुणक लावायला सांगतं. ते सोडून देऊ, साधाच आकडा धरू. एक पत्रा रुंदीत १ मीटर झाकतो, पाइपांमधलं अंतर ४ फूट. म्हणजे एका पाइपवर एका पत्र्याची १.२ चौरस मीटर जागा येते आणि तिथली उचल होते १४० किलो. तिथे दोन स्क्रू असतील तर प्रत्येकी ७० किलो. पाच असतील तर २८. अख्ख्या २१ फुटी पत्र्याचं स्वतःचं वजन तेवढंच, २७-२८ किलो. स्वतःच्या वजनावर पत्रा जागेवर बसून राहील ही आशा सोडा.

आमच्या शेडवर प्रत्येक पाइपवर प्रत्येक पत्र्याला दोनच स्क्रू होते. सहा पाइप, दहा पत्रे, एकूण १२०. बरोबर किती हवे होते? पहिल्या आणि शेवटच्या पाइपवर पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर एक, म्हणजे पत्र्यामागे पाच. मधल्या चार पाइपांवर एक सोडून एक, म्हणजे तीन. हे झाले २२० आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांना मध्येही प्रत्येक उंचवट्यावर लावायचे म्हणून आणखी १६. शिवाय दोन पत्रे जिथे एकमेकांवर चढतात तिथे दर दीड-दोन फुटांवर छोटा शिवणस्क्रू, नऊ जोडांवर शंभर-सव्वाशे. शिवणस्क्रू तर आमच्याकडे एकही नव्हता. वाऱ्याने आधी तीच शिवण उसवली, मग आत हात घातला.

एका चांगल्या स्क्रूला पाच-सहा रुपये पडतात. ठेकेदाराने वाचवले सव्वादोनशे स्क्रू, म्हणजे हजार-बाराशे रुपये आणि दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी. लाखाच्या पुढच्या कामात. काटकसर आम्हालाही कळते, पण ती कुठे करायची याला काही ताळतंत्र?

मारण्याची पद्धतही बघा, कारण संख्या बरोबर असूनही छत गळू शकतं. छतावर स्क्रू उंचवट्यावर बसतो, नालीत नाही. नालीत पाणी वाहतं. नालीत मारायला लहान स्क्रू पुरतो, म्हणून कारागिराचा हात तिकडे वळतो. उंचवट्यासाठी ५५ मिमी लांबीचा स्वयंछिद्री स्क्रू लागतो, कारण २८-३० मिमी उंची पार करून पाइपची २ मिमी भिंत छेदून पुढे निदान तीन आटे बाहेर दिसायला हवेत. खालून टॉर्च मारून बघता येतं. टोपीखालचं वॉशर ईपीडीएम रबराचं हवं. काळ्या प्लास्टिकचं वॉशरही तसंच दिसतं, पण आपल्या दोन उन्हाळ्यांत तडकतं. दुकानातच एक काढून नखाने दाबा आणि दुमडा. रबर परत सरळ होतं, प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटते.

किती आवळायचं? वॉशर टोपीच्या कडेपर्यंत पसरलं की थांबायचं. बाहेर फुगून आलं तर जास्त झालं, हाताने फिरत असेल तर कमी. कारागीर भिंतीला भोक पाडायचं हॅमर ड्रिल घेऊन आला तर त्याला खाली चहाला बसवा. खोली ठरवता येणारी स्क्रूगन लागते. ड्रिलने आवळताना वॉशर चिरडतं आणि उंचवटा बसतो. पहिल्या पावसात गळती नसते, दुसऱ्यात असते, तोवर हिशेब चुकता झालेला असतो.

स्क्रू मारताना पडणारा लोखंडी कीस त्याच संध्याकाळी मऊ झाडूने काढायला लावा. तो राहिला की पहिल्या सरीत गंजतो आणि नव्या कोऱ्या पत्र्यावर तपकिरी ठिपके पडतात. मग ठेकेदार म्हणतो पत्रा डुप्लिकेट होता, दुकानदार म्हणतो काम खराब होतं. ग्राइंडरने पत्रा कापण्याचंही तेच. ठिणग्या जिथे पडतात तिथला रंग आणि कोटिंग जळतं. मुळात हिंगणा एमआयडीसीकडून मापाप्रमाणे एकाच लांबीत पत्रा करून आणला तर कापायची वेळ येत नाही आणि मध्ये जोडही येत नाही. सिलिकॉन भरणार असतील तर ट्यूब हुंगून बघा. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते ॲसिटिक प्रकारचं, जस्ताच्या कोटिंगला खातं. न्यूट्रल प्रकारचं हवं.

कोटेशनमध्ये एक गंमत होती. "कोस्टल ग्रेड" पत्रा, जादा दर लावून. खारी हवा शेकडो किलोमीटर लांब असताना खाऱ्या हवेचा पत्रा! भारी पीव्हीडीएफ रंग उन्हात जास्त टिकतो हे खरं, पण गच्चीवरच्या शेडला साधा पॉलिस्टर रंग पुरतो, फक्त फिका घ्या. गडद निळा किंवा विटकरी रंग मे महिन्यात तापून खालची खोली भट्टी करतो. कोकणात खिळा-स्क्रू मिठाने मरतो, आपल्याकडे तापमानाच्या ओढाताणीने. थंडीतल्या पहाटेपासून मेमधल्या दुपारपर्यंत पत्र्याच्या तापमानात ५० अंशांचा फरक सहज पडतो, तेवढ्यात २१ फुटी पत्रा सुमारे ४ मिमी लांबतो. हे वर्षानुवर्षं चालतं आणि स्क्रूभोवतीचं भोक हळूहळू अंडाकृती होतं. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. त्यामुळे समुद्राचे पैसे वाचवून ते ईपीडीएमवर घाला.

जाडीचं एका वाक्यात: पत्र्यावर छापलेला ०.५० आकडा कोटिंग आणि रंग धरून असतो, म्हणून वजन करून घ्या. १२२० मिमी रुंद कॉइलचा ०.५० पत्रा मीटरमागे सव्वाचार किलोच्या वर भरायला हवा. पावणेचारच्या आसपास आला तर तो ०.४५ आहे. आमचा बरोबर भरला. बेस्याकडची वानरांची टोळी रोज त्यावर कवायत करते, तरी पोचे नाहीत.

इथपर्यंतचा मजकूर वादळानंतर लगेच, रागात लिहिलेला आहे आणि ठेकेदाराला पाचपैकी एक गुण द्यायचं ठरलं होतं. ते बदलावं लागलं. कारण दुरुस्तीच्या वेळी फाटलेले पत्रे उतरवले तेव्हा खालचा सांगाडा नीट तपासता आला, आणि तो उत्तम निघाला.

खांबांच्या तळपट्ट्या ८ मिमी जाड, प्रत्येकीला १२ मिमीचे चार अँकर. एकाही पट्टीखाली स्लॅबला भेग नाही. पट्टी आणि स्लॅबच्या मध्ये ग्राउट (सिमेंटचा पातळ मसाला) भरलेलं, कडेने वॉटरप्रूफिंगचा हात दिलेला, त्यामुळे खालच्या खोलीच्या छताला ओल नाही. वेल्डिंग टाके टाकून सोडलेलं नाही, चारही बाजूंनी सलग आहे. वेल्डिंगनंतर पापुद्रा ठोकून काढला होता, मग रेड ऑक्साइड, मग ऑइलपेंट. पाइपची उघडी तोंडं पत्र्याच्या चकत्या लावून बंद केलेली. हे शेवटचं काम नव्वद टक्के लोक करत नाहीत असं म्हणायला आकडा लागतो, तो नाही, पण शेजारच्या शेडच्या पाइपांत चिमण्यांची घरटी आहेत आणि पावसाळ्यात त्यातून गंजाचं पाणी ठिबकतं, ते गच्चीवरून दिसतं. ढाळही १० फुटांना १ फूट दिलेला. बरेच जण अर्धा फुटावर भागवतात आणि पाणी जोडातून मागे शिरतं.

म्हणजे माणूस मुळात वेल्डर आहे, पत्र्याचा कारागीर नाही. लोखंडावर जीव ओततो आणि पत्रा दोन पोरांवर सोडून खाली उतरतो. हे कळल्यावर कुणाला काय सांगायचं तेही सोपं झालं: सांगाड्याला डोळे मिटून त्याच्याकडे जा, पत्रे चढतील त्या दिवशी मात्र स्वतः शिडीवर उभे रहा.

सेवेबद्दल. फोन उचलतो, येतो म्हणतो, येत नाही. "दहा वर्षांची गॅरंटी" असं तोंडी सांगितलं होतं, ती पत्रा बनवणाऱ्या कंपनीची रंग आणि गंजाबद्दलची निघाली. स्क्रू कसे मारले याच्याशी तिचा संबंध नाही. कोटेशनच्या कागदावर मजुरीच्या हमीची ओळच नव्हती. नव्याने काम देणाऱ्यांनी त्या कागदावर चार गोष्टी लिहूनच घ्याव्यात: स्क्रूची एकूण संख्या, लांबी, वॉशरचा प्रकार आणि शिवणस्क्रूचं अंतर. "फिटिंगसहित" या शब्दात काहीही मावतं. १८ टक्के जीएसटी दरात धरलाय की वरून, तेही तिथेच विचारा.

शेवटी तोडगा असा निघाला. दोन नवे पत्रे आणि स्क्रू आमचे, मजुरी त्याची. स्क्रू इतवारीतल्या लोहाओळीतून स्वतः आणून दिले, म्हणजे वॉशरचा प्रश्न मिटला. जुनी भोकं सैल झाली होती तिथे एक नंबर जाड स्क्रू घातला. शेजारी नवं भोक पाडून जुनं सिलिकॉनने लिंपायला तो निघाला होता, ते होऊ दिलं नाही. कडेला भिंतीबाहेर दीड फूट आलेला पत्रा कापून नऊ इंचांवर आणला, कारण वाऱ्याला पकडायला तीच पहिली जागा. नंतर जूनच्या सुरुवातीला आणखी एक वावधन झालं. पत्र्याचा आवाज बदलला आहे. आधी फडफड होती, आता नुसता पावसाचा ताशा.

सध्याचे गुण: सांगाडा पाचपैकी साडेचार, पत्रा बसवणं दीड, दुरुस्तीनंतर साडेतीन. वेळ पाळणं शून्य. गच्चीवर ढीग घालून गेलेले वेल्डिंग रॉडचे तुकडे कूलरच्या टाकीमागे अजून सापडतात, त्याचा अर्धा गुण कापला आहे.

पन्हळीचं काम राहिलंच. सहा इंची पन्हळीला त्याने पाच फुटांवर ब्रॅकेट दिलेत, पाणी आणि कडुनिंबाचा पाला साचला की मध्ये झोळ पडतो. अडीच फुटांवर हवेत. शेवटच्या हप्त्यातले दोन हजार त्यासाठीच धरून ठेवले आहेत. ब्रॅकेट लावून जावे आणि पैसे घेऊन जावे.