पोतोचारीचं स्रेब्रेनित्सा स्मारक केंद्र: जाण्याआधी हे वाचा

जुलै १९९५ मध्ये बॉस्नियातल्या स्रेब्रेनित्सात मारल्या गेलेल्या आठ हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष-मुलांचं हे स्मारक आहे. राजधानी साराएव्होहून सकाळी निघून संध्याकाळी परत, अशी सहल सगळीकडे विकली जाते. ती जमते, पण घाईची होते. जायला अडीच-तीन तास आणि यायला तेवढेच, त्यामुळे केंद्रात जेमतेम दोन तास मिळतात. इथे किमान चार तास हवेत. शक्य असेल तर स्रेब्रेनित्सा गावात एक रात्र मुक्काम करा. पोतोचारी त्या गावाच्या पाच-सहा किलोमीटर अलीकडे आहे. केंद्रात प्रवेश मोफत आहे.

रस्त्याच्या एका बाजूला कबरस्तान आहे आणि दुसऱ्या बाजूला बॅटरीचा जुना कारखाना. बहुतेक जण आधी कबरींकडे वळतात. आमचा सल्ला उलटा आहे: आधी कारखाना बघा. तिथे काय घडलं हे कळल्यावर त्या कबरी वेगळ्याच दिसतात.

या कारखान्यात संयुक्त राष्ट्रांच्या डच शांतिसैनिकांचा तळ होता. एप्रिल १९९३ मध्ये सुरक्षा परिषदेनं ८१९ क्रमांकाच्या ठरावानं स्रेब्रेनित्सा ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलं. ११ जुलै १९९५ला रात्को म्लादिचच्या बॉस्नियन सर्ब फौजेनं ते घेतलं. दहा-पंधरा हजार जण, बहुतेक पुरुष, जंगलातून बॉस्नियन सरकारच्या ताब्यातल्या तुझ्ला शहराकडे निघाले. वीस-पंचवीस हजार लोक, मुख्यतः बायका, मुलं आणि म्हातारी माणसं, या तळाच्या आसऱ्याला आली. बायका-मुलांना बसमध्ये बसवून बाहेर काढलं, पुरुष आणि वयात येणारी मुलं बाजूला काढली. जे सापडले त्यांना पुढच्या काही दिवसांत मारलं. तळाच्या आत असलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांनाही १३ जुलैला बाहेर जावं लागलं. त्यांच्या बाबतीत नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये डच सरकारला दहा टक्के जबाबदार धरलं. आत राहू दिलं असतं तर वाचण्याची शक्यता तेवढी होती, असा हिशेब मांडून. हा आकडा डोक्यात ठेवून ते शेड बघा.

आंतरराष्ट्रीय समुदायाच्या अपयशावरचं कायमस्वरूपी प्रदर्शन २०१७ पासून इथे आहे. ते मन लावून बघण्यासारखं आहे. शांतिसैनिकांनी भिंतींवर लिहून ठेवलेला मजकूरही तसाच जपला आहे. त्यात बॉस्नियन बायकांबद्दल अत्यंत घाणेरडं लिहिलेलं आहे. ज्यांच्या रक्षणासाठी आले त्यांच्याकडे हे सैनिक कसे बघत होते, हे दुसऱ्या कुठल्या पुराव्यातून इतकं उघड दिसत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचार करा. जुन्या कारखान्याच्या दालनातली स्मृती-खोली मात्र कुणीही चुकवू नये. मारल्या गेलेल्या काही जणांच्या अंगावर सापडलेल्या रोजच्या वापरातल्या वस्तू आणि त्या त्या माणसाची थोडक्यात हकीकत, एवढंच तिथे आहे. तेवढं पुरतं.

केंद्र जिथे कमी पडतं ती जागा म्हणजे कारणं. जुलै १९९५ चे दिवस नीट कळतात, पण गोष्ट तिथवर कशी आली याची तयारी घरूनच करून जावी लागते. ‘शतकांचं वैर’ हे उत्तर घेऊन गेलात तर काहीच कळणार नाही. बॉस्निया तेव्हा युगोस्लाव्हियाचा भाग होता. १९८० मध्ये त्या देशाचे नेते टिटो गेले, युगोस्लाव्हिया कर्जात आणि महागाईत रुतला, आणि पुढाऱ्यांना जमातीच्या नावानं मतं मागणं सोपं झालं. एप्रिल १९९२ मध्ये बॉस्नियात युद्ध पेटलं. १२ मे १९९२ला बॉस्नियन सर्ब विधानसभेत सहा उद्दिष्टं मांडली गेली. त्यातलं एक असं, की बॉस्निया आणि सर्बियाच्या मधली द्रिना नदी ही दोन्हीकडच्या सर्बांमधली सीमा उरू नये. आता १९९१ च्या जनगणनेकडे बघा: द्रिनेकाठच्या स्रेब्रेनित्सा तालुक्यात ३६,६६६ माणसं, त्यांतली सुमारे तीन-चतुर्थांश मुस्लिम. म्हणजे ही वस्ती त्या नकाशाच्या आड येत होती. मार्च १९९५ मध्ये बॉस्नियन सर्बांचा नेता राडोवान काराजिच याच्या सहीनं फौजेसाठी निघालेल्या सातव्या निर्देशात इथल्या लोकांना जगण्याची आशाच उरू नये अशी परिस्थिती निर्माण करा, असा हुकूम आहे. मदतीच्या गाड्या अडवणं हा त्याचाच भाग. द्वेष होता, पण तो कामाला लावण्यासाठी कागद, सह्या, बस आणि डिझेल लागलं. २०१३ च्या जनगणनेत त्याच तालुक्यात १३,४०९ माणसं उरली होती.

मग रस्ता ओलांडून कबरस्तानात या. पांढऱ्या दगडांच्या रांगा टेकडीवर चढत जातात. पहिलं दफन मार्च २००३ मध्ये झालं. आज इथे साडेसहा हजारांहून अधिक कबरी आहेत. मारल्या गेलेल्यांचा दगडावर कोरलेला आकडा ८३७२ आहे, आणि त्यापुढे तीन टिंबं आहेत, कारण मोजणी संपलेली नाही. सुमारे हजार जण अजून सापडलेले नाहीत.

हे दफन इतकं लांबलं कशामुळे, याची उत्तरं वाटाड्याला जरूर विचारा. ऑगस्ट १९९५ मध्ये अमेरिकेनं सुरक्षा परिषदेत संशयित सामूहिक कबरींची हवाई छायाचित्रं दाखवली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारेकऱ्यांनी खोदकामाची यंत्रं लावून सामूहिक कबरी उकरल्या आणि प्रेतं ट्रकांत भरून दूर नेऊन पुन्हा पुरली. यंत्राच्या दातांनी देह तुटले. एकाच माणसाची हाडं दोन-तीन, कधी त्याहून जास्त कबरींत सापडली. कोणत्या कबरीतली प्रेतं मूळ कोणत्या कबरीतून आणली हे तपासनिसांनी माती, काडतुसं आणि कापडाच्या पट्ट्यांवरून जुळवलं. कोझलुकच्या वधस्थळी बाटल्यांच्या काचा पडलेल्या होत्या. तशाच काचा चान्चारी रस्त्यालगतच्या कबरीत निघाल्या.

सुरुवातीला ओळख कपड्यांवरून आणि खिशातल्या वस्तूंवरून पटवत. त्यातून फारसं हाती लागेना: वेढ्यातल्या गावात मदतीतून आलेले सारखेच कपडे, एकमेकांचे घातलेले, आणि दातांच्या नोंदी जवळपास नाहीत. नोव्हेंबर २००१ मध्ये बेपत्ता व्यक्तींच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं डीएनएवरून पहिली जुळणी केली, आणि मग वेग आला. पद्धत अशी: जिवंत नातेवाइकांच्या रक्ताचे थेंब कार्डावर घ्यायचे, हाडाचा किंवा दाताचा तुकडा स्वच्छ करून त्याची पूड करायची, आणि दोन्हींचे नमुने संगणकावर ताडून बघायचे. अडचण कुठे येते? घरातले बाप, मुलगे, काका सगळेच मारले गेले असतील तर रक्त द्यायला पुरेशी माणसंच उरत नाहीत. दोन भाऊ गेले असतील तर आई-बापाच्या रक्तावरून कोण कोणता ते सांगता येत नाही. त्यातल्या एकाला मूल असेल तर सुटका होते, नाहीतर हाडांवरून वयाचा अंदाज काढावा लागतो. शेवटी निर्णय घरच्यांचा: सापडलेली चार हाडं आत्ता पुरायची, की उरलेली मिळेपर्यंत थांबायचं. पुरल्यावर आणखी हाडं निघाली तर कबर पुन्हा उघडावी लागते. काही आयांच्या वाट्याला हे आलं आहे.

केंद्र बॉस्नियातल्या रिपब्लिका स्रप्सका या सर्बबहुल स्वायत्त भागात येतं, आणि तिथले सत्ताधारी या घटनेला वंशसंहार मानत नाहीत, जरी युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायालयानं २००१ मध्ये बॉस्नियन सर्ब जनरल क्रस्तिचच्या खटल्यात आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयानं २००७ मध्ये ती तशी ठरवली असली तरी. मार्च २०२५ मध्ये राजकीय तणावामुळे केंद्राला काही काळ दारं बंद करावी लागली होती. म्हणून निघण्याआधी ते चालू आहे ना, याची खात्री करा आणि वाटाड्या हवा असेल तर आगाऊ कळवा. तिथे काम करणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःच वडील, भाऊ गमावले आहेत. ते आपणहून सांगतील तेवढंच ऐका, खोदून विचारू नका. साराएव्होहून येताना क्राव्हित्सा लागतं. रस्त्यालगतच्या ज्या गोदामात १३ जुलैला सुमारे हजार माणसं मारली, ते तिथेच आहे.

फक्त बघायला म्हणून ११ जुलैला जाऊ नका. त्या दिवशी वर्षभरात ओळख पटलेल्यांचं दफन असतं आणि ती जागा घरच्यांची असते. त्यांच्यासोबत उभं राहायचंच असेल तर त्याआधीची तीन दिवसांची शांतियात्रा आहे: नेझुक ते पोतोचारी, सुमारे शंभर किलोमीटर, जंगलातून निघालेले लोक ज्या वाटेनं गेले तीच उलट दिशेनं. नावनोंदणी आगाऊ होते. चढ-उतार बरेच आहेत, बूट आधी चालून मऊ केलेले हवेत. आणि खुणा केलेली वाट सोडू नका, कारण बॉस्नियातले युद्धकाळातले सुरुंग अजून पूर्ण निघालेले नाहीत.