शिकागो की बॉस्टन? उत्तरेतली नागरी हक्क चळवळ शिकवताना

अमेरिकेतली नागरी हक्क चळवळ म्हटली की मुलांच्या डोळ्यांसमोर माँटगोमेरीची बस येते, बर्मिंगहॅममधले पोलिसांचे कुत्रे येतात. सगळं दक्षिणेतलं. उत्तरेतलं एखादं शहर घ्यायचं ठरवलं तर बहुतेक शिक्षक शिकागो आणि बॉस्टन यांच्यात अडकतात. तीन-चार तासिका हाताशी असतील तर माझं मत शिकागोला.

‘फक्त गोऱ्यांसाठी’ असा कायदा नसतानाही वस्त्या आणि शाळा वेगळ्या कशा राहिल्या, हा खरा प्रश्न, आणि शिकागोत त्याचं उत्तर कागदावर दाखवता येतं. गृहकर्ज कुठे धोक्याचं ते दाखवणारे १९३० च्या दशकातले सरकारी नकाशे इंटरनेटवर फुकट आहेत. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यात लाल रंगवलेल्या. अशा भागांत गृहकर्जाला सरकारी विमा सहसा मिळत नसे, त्यामुळे बँका हात वर करत. मग नॉर्थ लॉन्डेलसारख्या भागात दलाल अव्वाच्या सव्वा किमतीला हप्त्यावर घरं विकायचे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होत नसे. मध्येच एखादा हप्ता चुकला तर घरही जायचं आणि भरलेले पैसेही. हे गणित मुलांकडूनच फळ्यावर करून घ्या, नववीच्या पोरांना जमतं.

शाळांची गोष्ट याच नकाशावर बसते. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा ओसंडून वाहत होत्या, गोऱ्यांच्या शाळांत जागा रिकाम्या होत्या. शाळा अधीक्षक बेंजामिन विलिस यांनी मुलं तिकडे पाठवण्याऐवजी मैदानात फिरत्या वर्गखोल्या आणून ठेवल्या. लोकांनी त्यांचं नाव पाडलं ‘विलिस वॅगन’. याच्या निषेधात २२ ऑक्टोबर १९६३ ला दोन लाखांहून जास्त मुलं शाळेत गेलीच नाहीत. मार्टिन ल्यूथर किंग तिथे राहायला आले ते त्यानंतर, जानेवारी १९६६ मध्ये. ऑगस्टमध्ये मार्क्वेट पार्क या गोऱ्यांच्या वस्तीत, घरं सगळ्यांना खुली करा म्हणून काढलेल्या मोर्चात त्यांना दगड लागला. एवढा द्वेष आपण दक्षिणेतही पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. महिनाअखेरीस महापौर डेली यांच्याबरोबर घरांबाबत समझोता झाला, पण तो पाळायला लावणारं त्यात काही नव्हतं. जिंकले की हरले, असं मुलं विचारतात. विचारू द्या.

बॉस्टन चटकन पकड घेतं, आणि तिथेच गोची आहे. सप्टेंबर १९७४, साउथ बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगडफेक; कोर्टाच्या आदेशाने या बस त्यांना गोऱ्यांच्या शाळांत नेत होत्या. एप्रिल १९७६ चा तो फोटो: राष्ट्रध्वजाची काठी रोखून एक गोरा मुलगा कृष्णवर्णीय वकील टेड लँड्समार्क यांच्या अंगावर धावतोय. वर्ग एकदम चिडीचूप होतो. पण बसपासून सुरुवात केली तर ‘न्यायाधीशांनी उगाच बस लादल्या’ एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं. बॉस्टनच घ्यायचं असेल तर जून १९६३ पासून सुरू करा: कार्यकर्त्या रूथ बॅट्सन आणि एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने शाळा समितीपुढे मांडलेल्या मागण्या, समितीचा नकार, पालकांचा बहिष्कार. न्यायाधीश गॅरिटी यांचा निकाल त्यानंतर अकरा वर्षांनी आला, आणि समितीने जाणूनबुजून शाळा वेगळ्या ठेवल्या असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. फोटो शेवटच्या तासिकेला.

‘आपल्याकडे आडनाव विचारून भाड्याने घर नाकारतात, तसंच ना?’ हा प्रश्न शिकागोच्या नकाशापाशी हमखास येतो. टाळू नका, पण आधी नकाशा पुरा होऊ द्या.

एकच तासिका असेल तर दोन्ही सोडा आणि न्यूयॉर्क घ्या: ३ फेब्रुवारी १९६४, शाळांतल्या वेगळेपणाविरुद्ध चार लाखांहून जास्त मुलं एका दिवसासाठी शाळेबाहेर.