ब्लॅक बेल्ट मिळाला, पण कुक्कीवॉनच्या दफ्तरी नाव नाही

माझ्या मुलीच्या सर्टिफिकेटवर मोठ्या सोनेरी अक्षरांत ‘ब्लॅक बेल्ट, फर्स्ट डॅन’ असं छापलेलं होतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तायक्वांदोतल्या जाणकाराला एवढ्यावरच शंका आली असती, कारण कुक्कीवॉन ही तायक्वांदोची मुख्य संस्था १५ वर्षांखालच्या मुलांना डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टची श्रेणी, देत नाही, ‘पूम’ ही मुलांसाठीची श्रेणी देते. पूमचा बेल्टही निराळा असतो, अर्धा लाल आणि अर्धा काळा. हिच्या कमरेला मात्र अख्खा काळा.

ही संस्था दक्षिण कोरियात, सेऊलमध्ये आहे. ती १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्याकडून मिळणाऱ्या प्रत्येक पूम किंवा डॅनला नंबर असतो आणि तो त्यांच्या वेबसाइटवर तपासता येतो. हे सगळं मला आता माहीत आहे. आमच्या क्लासच्या भिंतीवर कुक्कीवॉनचा फोटो होता, सरांच्या तोंडी सतत ते नाव होतं, पण नंबर नावाची काही गोष्ट असते हे तिथे कधीच कुणी बोललं नाही.

सुरुवात फॅमिली बॅचपासून झाली. आईवडील आणि मुलं एकाच हॉलमध्ये, सोबत वॉर्मअप, सोबत किक्स. जाहिरातीत आत्मविश्वास, एकाग्रता, शिस्त असं सगळं होतं. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला ते दिसलंही. चारचौघांत तोंड न उघडणारी माझी मुलगी किहाप, म्हणजे किक मारतानाची आरोळी, देताना हॉल दणाणून सोडायला लागली. शिकवणारा मदतनीस मुलगा मनापासून शिकवायचा, त्याच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. फसवणाऱ्याचा सगळा मालच खोटा असतो असं आपण धरून चालतो. इथे मुलीतला बदल अस्सल होता आणि सरांनी पैसे उकळले ते त्याच्याच जोरावर. मूल खुलतंय म्हटल्यावर कोणती आई पुढच्या फीला नाही म्हणेल?

तायक्वांदोत रंगीत बेल्टच्या पायऱ्यांना गूप म्हणतात, दहाव्यापासून पहिल्यापर्यंत. हे बेल्ट क्लासनेच द्यायचे असतात, त्यात वावगं काही नाही. आमच्याकडे मात्र प्रत्येक दोन बेल्टच्या मधे आणखी पट्ट्या होत्या आणि प्रत्येक पट्टीची वेगळी परीक्षा, वेगळी फी. तारीख आधी जाहीर व्हायची. मूल तयार आहे का, हा प्रश्नच नाही. नापास कुणी होत नसे. एक बाबा म्हणाले, “सर, माझ्या पोराला अजून साइड किक धड येत नाही, त्याला पुढच्या वेळी बसवू या.” सरांचं उत्तर होतं, “असं करू नका, त्याचा आत्मविश्वास खचेल.” व्यक्तिमत्त्व विकासाची भाषा इतक्या सफाईने वापरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग आला ‘ब्लॅक बेल्ट क्लब’. पूर्ण रक्कम आगाऊ, परत मिळणार नाही अशा अटीवर सही. त्यातच ‘लीडरशिप प्रोग्रॅम’: मोठ्या मुलांनी लहान मुलांचा वॉर्मअप घ्यायचा, पॅड धरायचे, हॉल आवरायचा. थोडक्यात, क्लासचं काम आमच्या मुलांनी करायचं आणि त्याची फी आम्ही भरायची. लहानांना शिकवताना मूल स्वतः शिकतं हे मला मान्य आहे. पण त्या तासांत या मुलांना नवं कुणीच काही शिकवत नव्हतं.

ब्लॅक बेल्टच्या फीमध्ये ‘कोरियाचं रजिस्ट्रेशन’ धरलेलं होतं. परीक्षेला कुणी ग्रँडमास्टर पाहुणे आले, मुलांनी फळ्या फोडल्या, पालकांनी टाळ्या वाजवल्या. (लाकडाच्या रेषेच्या दिशेने धरलेली पातळ फळी मोडायला फारशी ताकद लागत नाही. लहान मुलांसाठी ते योग्यच आहे, फक्त त्याला चमत्कार म्हणू नये.) हातात पडलं ते पृथ्वीगोलाचं चित्र आणि ‘वर्ल्ड’ शब्द मिरवणारं सर्टिफिकेट. “हे आपल्या फेडरेशनचं, ओरिजिनल कोरियाहून येईल.”

पुढे आम्ही घर बदललं. नव्या क्लासमधल्या मास्टरांनी विचारलं, “ताई, हिचा कुक्कीवॉन नंबर?” नंबर नव्हताच. मुलीच्या नावाने शोधलं, तरी काही सापडेना. त्यांनी तिला पूमसे, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, करायला सांगितले. पहिल्या पूमच्या परीक्षेपर्यंत तेगूक या मालिकेतले आठही पूमसे यायला हवेत. ही पाचव्यानंतर थांबली. पुढचे तिला शिकवलेच नव्हते. मास्टर म्हणाले, “हिचे पाय चांगले आहेत. कागद विसरा, लाल बेल्टपासून सुरू करू.” घरी येताना ती चिडून म्हणाली, “म्हणजे मी इतके दिवस खोटं सांगत होते सगळ्यांना?” तिच्याकडून पैसे कुणी घेतले नव्हते, पण मैत्रिणींपुढे मान खाली तिलाच घालावी लागली. सरांचा मला सर्वांत जास्त राग येतो तो यासाठी.

सरांना फोन केला तेव्हा आधी कुरिअर अडकलं होतं. मग कोरियाचं ऑफिस बंद होतं, मग वेबसाइट अपडेट होत होती. शेवटी तर “आमचं फेडरेशन कुक्कीवॉनपेक्षा मोठं आहे” इथपर्यंत मजल गेली आणि मला पालकांच्या ग्रुपमधून काढण्यात आलं. मी एकेका पालकाला वेगळा फोन केला. कुणाच्याच मुलाकडे नंबर नव्हता. पावत्या काढल्या तर त्यांवर ‘प्रशिक्षण साहित्य’ एवढंच लिहिलेलं, कोरियाचा उल्लेख नाही. ज्यांच्याकडे “कुक्कीवॉन फी आजच भरा” असा सरांचा मेसेज जपलेला होता, त्यांना लेखी तक्रारीची नोटीस गेल्यावर रजिस्ट्रेशनचे पैसे परत मिळाले. आम्हालाही मिळाले. ब्लॅक बेल्ट क्लबची आगाऊ रक्कम मात्र त्या सहीमुळे अडकली ती अडकलीच.

कुक्कीवॉनशी संबंध नसलेला प्रत्येक क्लास खोटा, असं मात्र कुणी समजू नये. आयटीएफ (इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन) ही तायक्वांदोचीच १९६६ पासूनची वेगळी संघटना, तिची सर्टिफिकेटं वेगळी. कराटेत तर अनेक शैली आहेत आणि सगळ्यांची नोंद ठेवणारं एकच ऑफिस नाही. तिथे सरांना ब्लॅक बेल्ट कुणी दिला, आणि ज्या फेडरेशनचा शिक्का मारतात तिचे अध्यक्ष ते स्वतःच तर नाहीत ना, हे विचारावं. ‘हजारो वर्षांची परंपरा’ ऐकूनही दबून जाऊ नका. डॅनची पद्धत ज्यूदोत त्याचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये आणली, कराटेत शिक्षक गिचिन फुनाकोशींनी पहिले डॅन १९२४ मध्ये दिले आणि तायक्वांदो हे नावच १९५५ मधलं आहे.

आमच्या जुन्या सरांची नवी फॅमिली बॅच सुरू होते आहे, जाहिरात तीच, फोटोत मुलं नवी. तायक्वांदोच्या अशा कुठल्याही बॅचला नाव घालण्याआधी सरांचा स्वतःचा कुक्कीवॉन नंबर मागा आणि त्यांच्यासमोरच तपासा. आधीच्या ब्लॅक बेल्ट मुलांपैकी दोघातिघांचे नंबर त्यांच्या पालकांकडून घ्या. फी महिन्याचीच भरा. रजिस्ट्रेशनचे पैसे देताना ते कोणत्या संस्थेचे हे पावतीवर लिहून घ्या, आणि लिहायला नकार मिळाला तर पैसे देऊ नका.